गाडी दिल्लीची, पासिंग कराडचं!

गावची जत्रा लागली की आपल्याकडं अख्खा भारत पार्किंगला येतो. विटा, खानापूर, आटपाडी पट्ट्यात एखाद्या यात्रेला जाऊन बघा. देवळासमोरच्या माळावर टीएन, केएल, यूपी, डीएल अशा पाट्यांच्या गाड्या खेटून उभ्या असतात. गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात इथली माणसं देशभर पांगलीत, आणि जत्रेला ती गाडी घेऊनच येतात. पाटण खोऱ्यात मुंबईच्या नंबरांची गर्दी जास्त. इथल्या किती घरांतला एखादा काका, मामा माथाडी म्हणून मुंबईला गेला, त्याची गणती नाही. त्यात सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा. सुट्टीवर आलेल्या फौजीची गाडी कधी पंजाबची, कधी राजस्थानची.

गाडी कुठलीही असू दे, पारावर बसलेली पोरं दोनच प्रश्न विचारतात. "ॲव्हरेज किती देतीय?" आणि "पासिंग कुठलं?"

यातला दुसरा प्रश्न हल्ली जास्त महागात पडायला लागलाय. मोबाईलवर सेकंडहँड गाड्यांचे फोटो बघता बघता एखादी चकाचक डिझेल गाडी दिसते. किंमत बघून वाटतं, एवढ्यात तर इथं जुनी हॅचबॅकही येत नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'दिल्ली पासिंग'. मग घरात चर्चा सुरू होते. आणि दोस्तांनो, घरात ऑनलाईनचं काही काम निघालं की मोबाईल कुणाच्या हातात येतो? कॉलेजला जाणाऱ्याच्या. म्हणजे आपल्याच. म्हणून हा विषय आपल्याला ठाऊक असलेला बरा.

दिल्लीची गाडी स्वस्त का?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या तिथल्या रस्त्यावर नकोत, असं सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाडीमालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको, असाही आदेश दिला. थोडक्यात, दिल्लीतल्या जुन्या गाडीच्या डोक्यावर कायम टांगती तलवार. मालकाला ती लवकर खपवायची असते, म्हणून भाव पडतो.

पण आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. म्हणजे दिल्लीत निकालात निघालेली १० वर्षांची डिझेल गाडी इथं कागदोपत्री आणखी ५ वर्षं सहज चालते. तिथल्या मालकाची अडचण ती इथल्या गिऱ्हाईकाची संधी. गणित इथपर्यंत बरोबर आहे. पुढचं गणित मात्र जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

शेतकऱ्याच्या पोराला हा विषय एका वाक्यात समजतो. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. जमीन घेतली, पैसे दिले, ताबा मिळाला, पण फेरफार झाला नाही, तर सातबाऱ्यावर जुन्याचंच नाव राहतं. गाडीचंही तसंच. स्टॅम्प पेपरवर करार केला, किल्ली घेतली, पेढे वाटले, तरी आरसीवर नाव चढेपर्यंत सरकारदरबारी मालक तो दिल्लीवालाच.

सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा असतो. त्याला हायपोथिकेशन म्हणतात. कर्ज फिटलं असेल तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवावा लागतो. तो उतरल्याशिवाय गाडी नावावर करायला गेलं की गाडं तिथंच अडतं. 'कर्ज कधीच संपलंय हो,' हे विकणाऱ्याचं वाक्य कागद नाही.

कर पुन्हा का भरायचा?

सगळ्यात जास्त चिडचिड याच मुद्द्यावर होते. देश एक, गाडी एक, तिचा रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला. मग आम्ही परत का भरायचा?

उत्तर राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७ व्या नोंदीनुसार वाहनांवर कर लावायचा अधिकार राज्यांकडे आहे. गाडीच्या नोंदणीचा कायदा केंद्राचा, म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८. कर मात्र ज्या त्या राज्याचा. दिल्लीत भरलेला कर दिल्लीच्या तिजोरीत गेला. गाडी कायमची पाटणला आली की महाराष्ट्र आपला कर मागणार.

आणि महाराष्ट्राचा कर हलका नाही. इथं नव्या खासगी गाडीवर एकरकमी कर लागतो. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. बाहेरच्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार यात सूट मिळते. पण लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हिशेब तुम्ही दिलेल्या किमतीवर होत नाही. गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यांवर तो ठरतो. समजा, १२ लाखांची डिझेल गाडी तुम्ही ३ लाखांत उचललीत. कराची सुरुवात १२ लाखांपासून होणार, तीनपासून नाही. म्हणूनच गाडीचं मूळ इनव्हॉइस विकणाऱ्याकडून मागून घ्यायचं.

भरलेला जुना कर मात्र पूर्ण बुडत नाही. इथं नवा नंबर पडल्यावर नव्या आरसीची प्रत जोडून जुन्या राज्याच्या आरटीओकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो. गाडी जितकी जुनी, तितकी ही रक्कम कमी. कर पहिल्या मालकाने भरलेला असल्यामुळे परतावा कुणी घ्यायचा, ते व्यवहार ठरतानाच ठरवून लिहून घ्या. नंतर फोन उचलला जाईल याची खात्री नसते.

'एक वर्ष चालतंय की!'

प्रत्येक ग्रुपमध्ये असं सांगणारा एक जण असतोच. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच घोटाळा होतो.

कायद्याचं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. नोकरीसाठी वर्षभर बंगळुरूला गेलेल्याला किंवा जत्रेला महिनाभर आलेल्या गलाईवाल्याला हे कलम दिलासा देतं. कर्नाटकाने मध्यंतरी बाहेरच्या गाडीला ३० दिवसांनंतर आजीवन कर लावायची तरतूद केली होती. ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याच १२ महिन्यांकडे बोट दाखवून रद्द केली. मिरजेपुढं म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक लागतं, त्यामुळं सांगली भागातल्या लोकांना हा विषय चांगलाच माहितीचा.

पण ही सवलत गाडी 'ठेवण्या'ची आहे, 'विकत घेण्या'ची नाही. मालकी बदलली की कलम ५० लागू होतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओला कळवायचं. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याला ४५ दिवस. म्हणजे जत्रेला आलेल्या चुलतभावाची केएल पासिंगची गाडी तुम्ही फिरवायला घेतली तर एक नियम. तीच त्याच्याकडून विकत घेतली तर दुसरा.

एनओसीपासून नव्या पाटीपर्यंत

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते बघू. पाटण तालुक्याचं आरटीओ म्हणजे कराडचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, एमएच-५०. सातारा एमएच-११ आणि सांगली एमएच-१०, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

पहिली पायरी, गाडी बघायला जायच्याही आधी. एम-परिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाका. नोंदणी कधीची, विमा आणि पीयूसी चालू आहे का, बोजा आहे का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे कळतं. ई-चलन थकलंय का तेही तपासा. थकलेला दंड विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या.

दुसरी पायरी एनओसी, म्हणजेच ना हरकत प्रमाणपत्र. हा अर्ज फॉर्म २८ मध्ये, मूळ आरटीओकडे, गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा असतो. कर बाकी नाही, गाडी चोरीची नाही, तिच्यावर गुन्हा नाही, एवढी खातरजमा त्यात होते. अर्जानंतर ३० दिवसांत आरटीओने नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानलं जाईल, अशीही सोय कलम ४८ मध्ये आहे. एनओसीवर गाडी कुठल्या कार्यालयात जाणार ते नाव असतं. पाटणकरांनी तिथं 'कराड' लिहिलंय ना, ते नीट वाचायचं. 'सातारा जिल्हा आहे ना, मग सातारा टाकलं,' असं विकणाऱ्याने परस्पर केलं तर दुरुस्तीला पुन्हा तिकडचीच वारी.

तिसरी पायरी कागदांची. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर विकणाऱ्याच्या सह्या. नव्या नंबरासाठी फॉर्म २७. सोबत मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, इनव्हॉइस. शिवाय चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला छाप. विकणारा हजार-दीड हजार किलोमीटरवर असतो, त्यामुळं सह्या राहिल्या तर खेळ संपला. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशीच सगळ्या सह्या तपासा आणि त्या आरसीवरच्या सहीशी जुळतात का तेही बघा.

चौथी पायरी तपासणीची. गाडी घेऊन कराडला जावंच लागतं. पाटणहून ३५-४० किलोमीटर. तिथं मोटार वाहन निरीक्षक चासी आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघतो. नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला की प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून ही तपासणी पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आपणच एकदा केलेली बरी.

पाचवी पायरी पैशांची. खासगी कारसाठी नव्या नंबराची सरकारी फी ६०० रुपये आणि मालकी हस्तांतराची ३०० रुपये. बोजा चढवायचा असेल तर आणखी १,५०० रुपये. फी किरकोळच आहे, खरा आकडा कराचा. त्यामुळं 'पासिंगला अमुक हजार लागतील' असा कुणी गोळाबेरीज आकडा सांगितला, तर त्यात कर किती, फी किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळं विचारा. एजंटाकडून काम करून घेण्यात काही गैर नाही, पण सरकारी पैशाची पावती आपल्या नावाने निघते. ती मागायला लाजायचं कारण नाही.

कर भरला की नवा नंबर पडतो आणि उच्च सुरक्षा पाटी लागते. पण काम इथं संपत नाही. विमा कंपनीला नवा नंबर आणि नवा मालक कळवायचा, फास्टॅगही बदलायचा. नाहीतर तासवडे टोलनाक्यावर पैसे कापले जातील जुन्या मालकाच्या खात्यातून, किंवा त्याने टॅग बंद केला असेल तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत उभं राहायचं.

मुंबईची गाडी सोपी

पाटणमधल्या बऱ्याच घरांना एवढा व्याप पडतच नाही. मामाची मुंबईची गाडी घेतली, तर ती महाराष्ट्रातलीच. कर याच राज्यात भरलेला असतो, तो पुन्हा लागत नाही. नंबरही बदलत नाही. एमएच-०३ ची पाटी पाटणला आली तरी एमएच-०३ च राहते. बदलतं ते मालकाचं नाव आणि पत्ता. पण तेवढं तरी करायलाच लागतं. नात्यातला व्यवहार आहे म्हणून नेमकं तेच राहून जातं.

फौजी आणि बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू झालीय. सैन्यदल, केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी हा नंबर घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. मात्र अशी गाडी तुम्ही विकत घेतली आणि तुम्ही स्वतः या यादीत बसत नसाल, तर इथला कर भरून साधा नंबर घ्यावा लागतो.

दुबईची गाडी आणता येईल?

हा प्रश्नही पारावर निघतोच, कारण आखातात कामाला असलेला कुणीतरी ओळखीचा असतो आणि तिथल्या गाड्यांचे फोटो स्टेटसला येत असतात. उत्तर जवळजवळ 'नाही' असंच आहे. वापरलेली कार भारतात आणायची तर ती बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडं हवं, ती मुंबई बंदरातूनच यायला हवी आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिची चाचणीही होते. दुबईत स्टिअरिंग डावीकडं. म्हणजे विषय तिथंच मिटला. इंग्लंडची गाडी या एका अटीत बसते, पण सीमाशुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतं.

हे शुल्क काय चीज आहे, ते देशाला कळलं सचिन तेंडुलकरच्या फेरारीमुळं. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ती इथं आणायचं शुल्क होतं सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ केल्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी पैसे गाडी देणाऱ्या फियाट कंपनीने भरले. ती तर नवी गाडी होती आणि मालक सचिन होता!

एवढं मात्र खरं की हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. युरोपीय संघात सीमा उघड्या असल्या, तरी एका देशातली गाडी घेऊन दुसऱ्या देशात राहायला गेलं की साधारण ६ महिन्यांत तिथली नोंदणी करावी लागते आणि कर ज्या त्या देशाचा लागतो.

नाव न बदलता फिरवली तर?

बरेच जण तेच करतात. 'नाव लागलं काय, न लागलं काय, गाडी तर आपल्याच दारात उभी आहे.' अपघात होईपर्यंत हे वाक्य खरं वाटतं.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. गाडी विकलेली होती, ती पुढं आणखी काही हातांतून फिरली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं होतं. मग अपघात झाला आणि त्यात जीव गेला. न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या नावावर नोंदणी तोच कायद्याच्या नजरेत मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताच्या घरच्यांनी गाडी कुणाकुणाला विकली याची साखळी शोधत फिरावं, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

हे वाचून वाटेल की अडकला तो विकणारा, आपल्याला काय? पण आपल्याही घरातली जुनी गाडी, जुनी बाईक कधीतरी विकलेली असतेच. ती आता कुणाच्या नावावर आहे, हे ॲपवर बघायला दोन मिनिटं लागतात. आज बघाच.

आणि घेणाराही सुटत नाही. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो असं कलम १५७ मानतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. विमा जुन्याच्या नावावर असताना कुंभार्ली घाटात गाडी ठोकली किंवा ती चोरीला गेली, तर कंपनी पहिला प्रश्न विचारणार, 'तुमचा या गाडीशी संबंध काय?' ती गाडी पुढं विकायची म्हटलं तरी सही करायला तो दिल्लीवालाच लागतो. त्याचा नंबर तोवर बदललेला असतो. कधी तो माणूसच हयात नसतो. मग वारसांचे कागद शोधत परक्या शहरात हिंडायचं.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिली चारचाकी सेकंडहँडच येते. दूध संघाच्या बिलातून, ऊसबिलातून, कुणाच्या भिशीतून ते पैसे जमलेले असतात. आई हळदकुंकू लावते, बोनेटवर नारळ फुटतो. त्या पैशातले काही हजार कराला आणि चार दिवस कराडच्या खेपांना बाजूला काढले, तर ती गाडी खऱ्या अर्थानं घरची होते.

सौदा ठरवण्याआधी एवढं बघा

- ॲपवर नंबर टाकून मालक, वय, बोजा, विमा आणि चलन तपासा.
- इनव्हॉइस मागा. कराडच्या आरटीओत कर किती बसेल ते आधी विचारा आणि तो गाडीच्या किमतीत मिळवून मगच 'स्वस्त' म्हणा.
- एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तिच्यावर 'कराड' आहे ना, ते वाचा.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, सगळं गाडीसोबतच घ्या.
- डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र बघा. जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.
- ताबा मिळाल्यापासून ३० दिवस मोजा. नव्या आरसीनंतर विमा, फास्टॅग आणि जुन्या कराचा परतावा, ही तीन कामं विसरू नका.

हे सगळं झालं की जत्रेत बिनधास्त गाडी लावा. कुणी विचारलंच 'पासिंग कुठलं?', तर सांगा, एमएच पन्नास.